रतनबाईचा डूख

नागीण परवडली पण आमची रतन नको, असं पुणतांब्याला तिच्या माहेरची माणसं म्हणत. नागीण डूख धरते हे खरं की खोटं, देव जाणे. रतनबाई धरते, हे मात्र सगळ्या भावकीला अनुभवानं ठाऊक होतं. लग्नाच्या मांडवात धाकट्या जावेनं तिच्या नथीला ‘खोटी दिसती’ म्हटलं होतं. तेव्हा रतनबाई गोड हसली. त्यानंतर मात्र त्या जावेच्या ताटात रतनबाईच्या हातची पुरणपोळी तुपासकट कधी पडली नाही. “ताई, तूप राह्यलं वाटतं,” जाऊ म्हणायची. “आत्ताच सरलं बघ,” रतनबाई म्हणायची. दर शिमग्याला हा संवाद ठरलेला. असल्या बाईच्या वाटेला जाऊ नये, हे साधं शहाणपण. पण गोदाकाठ पार्कमधल्या शिकल्यासवरल्या लोकांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ पार्क म्हणजे कोपरगावच्या बाहेर, उसाच्या मळ्यांमध्ये उठवलेली बंगल्यांची कॉलनी. नावातच काय ती गोदावरी. आत राहणाऱ्यांना नदी दिसत नाही, दिसते ती भिंत. डॉक्टर, कारखान्याचे साहेब, आडते, निवृत्त मास्तर अशी सगळी बरी माणसं तिथं राहतात. मागं कधीतरी दोन बंगले फुटले आणि चोर काही सापडले नाहीत. तेव्हा भिंत उंच झाली, वर तार आली, फाटक आलं, आणि पेट्रोलिंग सुरू झालं. निळे कपडे, काठी, शिट्टी, पिवळ्या दिव्याची मोटारसायकल. चोर पुन्हा फिरकले नाहीत, आणि तिथंच घोळ झाला. चोरच नाहीत म्हटल्यावर पेट्रोलिंगवाल्यांनी करायचं काय? पगार घ्यायचा तर कुणाला तरी धरलं पाहिजे. मग ते शेरडं हाकलायचे, बोहारणीला फाटकावरून परत लावायचे, वस्तीवरच्या माणसांना अख्ख्या भिंतीला वळसा घालायला लावायचे, आणि कामाला येणाऱ्या बायांची जाताना झडती घ्यायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

रतनबाईची वस्ती त्या भिंतीच्या पलीकडेच. नवरा वैजनाथ, थोडा ऊस, आणि गळिताच्या हंगामात कारखान्यात काम. रतनबाई कॉलनीत पाठकांकडे स्वयंपाक करायची. घरात प्रेमलाकाकू, हायस्कुलातून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचा मुलगा शौनक आणि सून अनन्या. काकूंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा सुनेनं दारातून चौकशी केली आणि रतनबाईनं त्यांना उचलून न्हाऊ घातलं. “तू माझी लेकच आहेस गं,” काकू म्हणायच्या. घरात राबणाऱ्या बाईला लेक म्हणणाऱ्या माणसांपासून जरा जपून असावं. लेकीला सांभाळायची वेळ आली की त्यांना आपली खरी लेक आठवते.

त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी तिला देवघरात बोलावलं, दार लोटलं, आणि चांदीचा छोटा कुंकवाचा करंडा वाण म्हणून तिच्या पदरात घातला. “माझं केलंस ना इतकं,” त्या म्हणाल्या. “अनन्याला बोलू नकोस हं. उगाच तोंड वाकडं करील.” रतनबाईनं पदराखाली वाण घेतलं आणि कमरेला खोचलं. पदरात घेतलेलं वाण भाजीच्या आणि चपलांच्या पिशवीत टाकायचं नसतं, अंगाशी धरून न्यायचं आणि आधी देवापुढं ठेवायचं, ही तिच्या सासूची शिकवण. तेवढ्यानं घात केला. फाटकावर झडती घेणाऱ्या बाईचा हात कमरेला लागला आणि पेट्रोलिंगचा मुकादम कल्याण पुढं झाला. पिशवीत सापडलं असतं तर त्यानं कदाचित विचारलं असतं. कमरेला सापडलं म्हणजे लपवलं, असं त्याचं डोकं चाललं.

“काकूनी दिलंय, वाण हाय ते,” रतनबाई सांगत राहिली. कल्याणनं पाठकांकडे फोन केला. अनन्या आली, मागून वॉकर टेकत काकू आल्या. हळदीकुंकवाला निघालेल्या नटलेल्या बायका थांबून बघत होत्या.

“आई, तुम्ही दिलात का हिला हा करंडा?” अनन्यानं विचारलं.

काकूंनी सुनेकडे पाहिलं, रतनबाईकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “मला नाही बाई आठवत.”

बस्स. कल्याणनं करंडा हातात धरायला लावून रतनबाईचा फोटो काढला आणि तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. सगळी घरं तिला बंद झाली. पोलिसांत द्यायचं कुणीतरी म्हणालं तेव्हा काकूच म्हणाल्या, “नको, गरीब आहे बिचारी.” तेवढ्यापुरतं रतनबाईला ते भलेपणाचं वाटलं. काही दिवसांनी उसात खुरपताना तिच्या ध्यानात आलं, की पोलिसांपुढं काकूंना जबाब द्यावा लागला असता. तेव्हा हातातलं खुरपं तिनं असं काही जमिनीत मारलं की वैजनाथनं वळून बघितलं.

गिरणीत बायका आपल्या पिशव्या जवळ ओढायला लागल्या. “सोड आता,” वैजनाथ म्हणायचा. “मोठी मानसं हायेत. आपन कशाला त्यांच्या नादी लागायचं?” रतनबाई सोडणाऱ्यातली नव्हती. फक्त कुणावर डूख धरायचा ते तिनं नीट निवडलं. झडती घेणाऱ्या बाईनं पगारासाठी हात घातला, तिला सोडली. कल्याण तर पाळलेला, भुंकणार नाही तर काय करील. अनन्याला माणसाची पारखच नाही, तिचं नंतर बघू. पण जिचं हागणंमुतणं आपण काढलं, तिनं देवघरात दिलेलं फाटकावर नाकारलं! काकूंनी त्याच फाटकावर, माणसांदेखत, ‘मी दिलं होतं’ म्हटलं पाहिजे. एवढं झाल्याशिवाय रतनबाईला अन्न गोड लागणार नव्हतं.

तशी संधी दीड वर्षानं आली. कमिटीचं आणि जुन्या एजन्सीचं बिनसलं, कल्याण गेला, नवी एजन्सी आली. तिला पेट्रोलिंगला आसपासच्या बायका पाहिजे होत्या. पोलिसांत तक्रार नव्हती, म्हणजे कागद स्वच्छ. रतनबाईनं साडी सोडून पँट चढवली, केस टोपीत कोंबले आणि ज्या फाटकातून तिला हाकललं होतं त्याच फाटकावर काठी घेऊन उभी राहिली. वैजनाथला धडकी भरली होती. “वळखत्याल की गं.” कुणी ओळखलं नाही. कॉलनीतल्या लोकांनी पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. शिट्टीवाल्या बाईच्या तोंडाकडे ते काय बघणार? अनन्या तर रोज तिच्या समोरून गाडी काढायची.

आणि मग रतनबाईनं जो काही उच्छाद मांडला! शौनकची गाडी रेघेच्या बोटभर बाहेर दिसली की चाकाला साखळी. अनन्याच्या भिशीच्या मैत्रिणी आल्या की एकेकीला फाटकावर उभं करून, “कोनाकडं? काय काम? थांबा, इचारते.” मैत्रिणी उन्हात मेकअप पुसत उभ्या. सगळं नियमानं हं. बोट ठेवायला जागा नाही.

झडतीची तिनं वेगळीच तऱ्हा काढली. कामवालीच्या पिशवीत काही निघालं की ती त्या घरी फोन लावायची, आवाज मोठा करायची आणि सगळ्यांदेखत विचारायची, “डॉक्टरीनबाई, ह्या शिळ्या चपात्या तुमीच दिल्या का? जरा मोठ्यांदा बोला, ऐकू येत न्हाई.” पलीकडून डॉक्टरीणबाई लाजत ‘हो’ म्हणायच्या. “अन ही इटलेली भाजी? ती बी तुमचीच?” कामवाल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. घरोघरच्या बायका वैतागल्या, पण कमिटीचे अध्यक्ष नारायणराव भलते खूश. जे बाहेर जाईल ते घरमालकाच्या तोंडच्या होकारानंच जाईल, असा त्यांनी नियमच करून टाकला.

एवढं सगळं करून रतनबाईचं पोट भरलं नव्हतं. रोजच्या फेरीत पाठकांचा बंगला लागायचा. व्हरांड्यात खुर्चीवर काकू बसलेल्या असायच्या. रतनबाई तिथं पावलं हळू टाकायची, बोलायची मात्र नाही. म्हातारी कधीतरी फाटकावर येईलच, असं तिला वाटत होतं.

पुढच्या जानेवारीत, दुपारी शाळेची बस यायच्या वेळेला, कर्जतची एक जीप कॉलनीतून बाहेर पडायला लागली. मागं प्रेमलाकाकू आणि एक पत्र्याची ट्रंक. सुनेशी कडाक्याचं वाजलं होतं, आणि काकू कायमच्या लेकीकडे, ज्ञानेश्वरीकडे, कर्जतला निघाल्या होत्या. मुलांना घ्यायला आलेल्या आया फाटकाजवळ उभ्या होत्या. रतनबाई जीपच्या आडवी झाली.

“ट्रंक उघडा,” ती म्हणाली.

काकूंनी आवाज ऐकला आणि चष्मा वर केला. “रतन?”

“ट्रंक उघडा, काकू.”

लुगड्यांच्या खाली चांदीची पूजेची भांडी निघाली. ताम्हण, पळी, पंचपात्र, दोन निरांजनं. रतनबाईनं ही कितीदा घासली होती, आणि दर वेळी काकू शेजारी बसून सांगायच्या, की त्यांच्या लग्नात वडिलांनी नेवाशाहून पाठवली म्हणून. पण नियम म्हणजे नियम. घरमालकीण म्हणून अनन्याला बोलावणं गेलं. ती आली ती ट्रंकेवर हात ठेवूनच बोलायला लागली.

“ही घरच्या देवाची आहेत. ही कुठेही जाणार नाहीत.”

“माझ्या माहेरची आहेत, अनन्या. तुला माहीत आहे.”

“मला कसं माहीत असणार? मी येण्याआधीच्या गोष्टी.” तिला माहीत होतं. तिच्या तोंडावरून आंधळ्यालाही कळलं असतं. शौनकला फोन लावला. “तुम्ही दोघी बघून घ्या,” म्हणून त्यानं ठेवून दिला. चिरंजीव लहानपणापासून असेच.

मग काकू रतनबाईकडे वळल्या. “रतन, तू घासायचीस ना ही? कुणाची आहेत, सांग हिला.”

अनन्या चमकली. टोपीखालचं तोंड तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. “ही? ही तर ती करंडा चोरणारी!”

आयांमध्ये कुजबुज झाली. रतनबाईनं टोपी काढली. “व्हय, तीच मी. आता सांगा काकू, चोराच्या साक्षीला काय किंमत? आदी मी चोर हाय का न्हाई, ते तुमी सांगा.”

“नाहीस गं,” काकू पुटपुटल्या.

“मला नगा सांगू. मला ठाव हाय. ह्यास्नी सांगा.”

तेवढ्यात शाळेची बस आली, पोरांचा गलका सुरू झाला, आया तिकडे वळल्या. असल्या गोंगाटात ते वाक्य वाया घालवायला रतनबाई दोन वर्षं थांबली नव्हती. तिनं शिट्टी फुंकली, फाटकाचा आडवा दांडा खाली पाडला आणि बस बाहेरच उभी केली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळे गप्प झाले.

“हां, बोला आता.”

काकूंचा आवाज वर्गात शिकवलेला. एकदा लावला की लांब जायचा. “करंडा मीच दिला होता, वाण म्हणून. सुनेच्या भीतीनं मी तेव्हा खोटं बोलले. रतननं चोरी केलेली नाही.”

हे ऐकायला ती किती तळमळली होती. तिचे डोळे भरले. सारं विसरावं, ट्रंक आपल्याच हातानं बंद करावी, म्हातारीच्या पायावर शाल नीट करावी आणि जीप सोडावी, असं तिला खरोखर वाटलं. तसं तिनं केलंही असतं. पण काकूंनी तेवढा वेळ दिला नाही.

“झालं ना?” त्या म्हणाल्या. “बोलले ना मी? आता तू बोल.”

रतनबाईचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. असं आहे तर. दोन वर्षं व्हरांड्यात बसून होती, तेव्हा हिला खरं बोलायचं सुचलं नाही. आज चांदी अडकली, साक्षीदार पाहिजे झाला, आणि चोर साक्षीदार चालत नाही म्हणून हिनं आपल्याला साव करून घेतलं. ती माफी नव्हती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथं गरज पडली म्हणून मेलेला वैद्य उठवून बसवला होता.

तिनं टोपी पुन्हा चढवली. “घरमालकिनीचा होकार न्हाई,” ती म्हणाली. “भांडी आत जात्याल. जीप काढा.”

“रतन, तुला माहीत आहे ती माझी आहेत.”

“जीप काढा, पोरांची बस खोळंबलीय.”

काकूंचं तोंड त्या क्षणी कसं झालं होतं, ते रतनबाईनं डोळे भरून बघितलं, अगदी जीप वळेपर्यंत. हेच तोंड दोन वर्षांपूर्वी आपलं झालं असणार, हे तिला कळलं आणि बरं वाटलं. उगाच कशाला खोटं लिहा, खूपच बरं वाटलं. घरी जाऊन ती पोटभर जेवली.

“भांडी कुनाची हुती?” वैजनाथनं विचारलं.

“म्हातारीची.”

वैजनाथ मितभाषी माणूस. हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, “तिनं तुला येकदा केलं, तू तिला केलं. बरोबर झालं. पर त्या सुनंला चांदी फुकटात घावली की गं.”

रतनबाईच्या घशात घास नव्हता, तरी अडकला. त्या बाईचा तर सुंठीवाचून खोकला गेला होता.

अनन्या मात्र रतनबाईवर लुब्ध झाली. एवढी नियमाची बाई, घरच्या म्हातारीलाही सोडलं नाही! गैरसमज दूर झाला म्हणून तिनं स्वतः ग्रुपवर लिहिलं, आणि कमिटीकडे धरून बसली की सव्वीस जानेवारीला रतनबाईंचा प्रामाणिक सुरक्षारक्षक म्हणून सत्कार झालाच पाहिजे. नारायणरावांना भाषणाला निमित्त हवंच होतं. झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली, आणि अनन्यानं सगळ्या कॉलनीसमोर रतनबाईला कुंकू लावलं, शाल घातली, नारळ दिला. “रतनबाईंचा शब्द म्हणजे शब्द,” नारायणराव माइकवरून म्हणाले. टाळ्या झाल्या. “दोन शब्द बोला, रतनबाई.”

रतनबाईनं माइक घेतला. “साहेब, माझा शब्द खरा, असं तुमी समदे मानता ना?”

“म्हणजे काय! त्यासाठीच तर हा सत्कार.”

“अन वैनी, तुमी?”

“अर्थातच,” अनन्या हसून म्हणाली. हातात अजून कुंकवाचं ताट होतं.

“मग ऐका. पाठकांच्या देव्हाऱ्यात जी चांदी हाय, ती ह्या वैनींची न्हाई. काकूंच्या माहेरची हाय, नेवाशाची. मी सोता घासलीय अन सोता ऐकलंय. परवा मी फाटकावर गप बसले, कारन मला काकूवर राग काडायचा हुता. तो निगाला. पर वैनीस्नी समदं ठाव हाय. दुसऱ्याला चोर म्हननाऱ्या ह्या बाईनं सासूची चांदी दाबलीय.”

नारायणराव माइक घ्यायला धावले, पण वाक्य पुरं झालेलं होतं. एवढी माणसं अनन्याकडे बघत होती, आणि तिला ते ताट कुठं ठेवावं हे सुचत नव्हतं. शौनक जिलेबीच्या टोपाकडे बघत राहिला. रतनबाईचा शब्द खोटा म्हणायची आता सोय नव्हती. तिच्या अंगावर अनन्याच्याच हातची शाल होती.

दुपारी एजन्सीचा फोन आला, की उद्यापासून यायचं नाही. रतनबाईनं काठी आणि शिट्टी नेऊन दिली, शाल ठेवून घेतली. त्याच आठवड्यात शौनकनं गुपचूप भांडी कर्जतला पोचवली. कॉलनीत तोंड दाखवायचं तर दुसरा इलाज नव्हता.

मग एका सकाळी रतनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, तेव्हा मोबाईल वाजला. वैजनाथनं उचलून बघितला. “काकूंचा हाय,” तो म्हणाला. “भांडी मिळाली म्हनून केला आसंल. घे की, म्हातारं मानूस हाय.”

“वाजू दे,” रतनबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला, आणि बराच वेळ वाजत राहिला.